बिनगजाची खिडकी
काल नव्या घराच्या खिडक्यांचं माप घ्यायला ग्रिलवाला आला. त्याच्या हातांना गजांना देतात त्या तेलरंगाचा वास होता, आणि त्या वासाने मला लातूरच्या मेसवाल्या मावशी आठवल्या. मी तेव्हा तिथे क्लासमध्ये शिकवायचे आणि दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवायचे. मावशी पासष्टीच्या, वजन शंभराच्या पुढे. पोटावर चिरा न देता, तोंडातून नळी घालून जठराला आतून टाके घालतात आणि ते लहान करून वजन उतरवतात, असं कळल्यावर त्या मला घेऊन हैदराबादला गेल्या. डॉक्टर देगलूरचे, मराठी बोलणारे निघाले. त्यांनी विचारलं, "या वयात बारीक कशाला व्हायचंय? गुडघे दुखतात का?" मावशी म्हणाल्या, "गुडघ्याचं नंतर बघू. भूकंपात दार अडकलं तवा मी खिडकीतून निघाले होते. आता निघायची न्हाई." नंतर बांधलेल्या घरात त्यांनी एका खिडकीला गज लावूच दिले नव्हते. टाके पडले. मग कितीतरी दिवस ताक आणि वरणाचं पाणी. वजनकाट्यावर मात्र मावशी चढायच्या नाहीत. दर रविवारी त्या खिडकीत शिरून कुठे अडतंय ते बघायच्या. आठव्या महिन्यात पोरं जेवत असताना त्या खिडकीतून अंगणात उतरल्या, पदर सावरत दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, "भाकरी कुणाला पायजे?" काल ग्रिलवाल्याने विचारलं, "ताई, सगळ्या खिडक्यांना लावायचं ना?" मी म्हटलं, एक राहू द्या. तो गेल्यावर मी दार लावलं, त्या खिडकीत शिरून बघितलं, आणि संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा केला.