ब्रेकला घातलेलं तेल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडीच्या ब्रेकना तेल घातलं.

थेंबभर नव्हे. बायकोच्या शिवणाच्या मशीनची तेलाची बुधली होती, ती पुढच्या दोन्ही चाकांत मिळून उपडी केली. मागच्या चाकांतही घालणार होतो, पण तिथले नट पावसाळ्यात असे गंजून बसले होते की पान्यावर उभा राहून नाचलो तरी हलेनात. त्या नटांना मी तेव्हा नाही नाही ते बोललो. पुढे त्यांची मनोमन क्षमा मागितली.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. ठाण्यात तेव्हा दारात मोटार असायची ती डॉक्टरांच्या, वकिलांच्या, नाहीतर गिरणीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एखाद्याच्या. मी यांतला कोणीच नव्हतो. मुंबईला कारकुनी करावी आणि संध्याकाळी नौपाड्यात येऊन आईच्या हातचं जेवावं, एवढाच माझा पराक्रम; त्यात नुकतीच लग्नाची भर पडली होती. मोटार मामांची होती. त्यांची नागपूरला बदली झाली आणि "मी परत येईपर्यंत सांभाळ" म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी जुनी, बसकी आणि काळी. बाबा तिला 'म्हैस' म्हणत. हँडल मारून सुरू करावी लागे, आणि सुरू झाली की आळीतली सगळी कुत्री एका सुरात उत्तर देत.

किल्ली देताना मामांनी माझी तासभर शिकवणी घेतली. पावसाळ्यात गाडी वापरणार नसशील तर ठोकळ्यांवर चढव, म्हणजे टायर ओल्या जमिनीवर बसून एका जागी दबणार नाहीत. बॅटरी काढून घरात ठेव. पाऊस संपला की बॅटरीच्या टोकांवर पांढरं साठतं, ते कोमट पाण्याने धू. रेडिएटरमधलं पाणी बदल. टायरमध्ये हवा भर. वायपरचं रबर कडक झालं असेल तर फेकून दे, काचेवर ओरखडे पाडू नकोस. "आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "गाडी चालली नाही तर फार तर तू घरी बसशील. ती थांबली नाही तर पंचाईत. म्हणून पावसाळ्यानंतर बाहेर काढलीस की पहिल्यांदा एकटा बस, मोकळ्या रस्त्यावर हळू ने, चार-सहा वेळा ब्रेक दाबून बघ. मग माणसं बसव."

मी मान डोलावत होतो. मनात मात्र गॉगल घालून तलावपाळीला फेरी मारत होतो.

तर त्या वर्षी पावसाळाभर म्हैस आमच्या मागीलदारच्या पत्र्याखाली ठोकळ्यांवर उभी होती. नवरात्र बसलं आणि आईने विषय काढला. आई आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी कल्याणची मावशी, यांचा एक नेम होता. दोघींची लग्नं झाल्यापासून एकही दसरा असा गेला नव्हता की दोघींनी समोरासमोर उभं राहून एकमेकींना सोनं दिलं नाही. बाळंतपणं झाली, प्लेगची साथ येऊन गेली, लढाईच्या दिवसांत दिवे बंद असायचे, तरी नेम चुकला नाही. एक वर्ष ही कल्याणला जायची, एक वर्ष ती ठाण्याला यायची. या वर्षीची पाळी आईची होती आणि आईचा गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. स्टेशनचा जिना चढणं तिला शक्य नव्हतं.

"राहू दे या वर्षी," बाबा म्हणाले. "नंतर कधीतरी जाशील."

आईने विळीवरचा भोपळा गरजेपेक्षा जास्त जोरात चिरला.

"मी नेतो ना गाडीने!" मी म्हणालो. "भिवंडीवरून रस्ता सरळ आहे. अकराला निघालो तर जेवायला कल्याणात."

आईचा चेहरा असा उजळला की बाबांनी काढलेली शंका त्यांनाच परत गिळावी लागली. बाबांच्या ऑफिसात एक कल्याणकर होते, त्यांच्याबरोबर मावशीला निरोप गेला: ताई, दसऱ्याला मी येते, हा मला मोटारीतून आणतो आहे.

आता माझी अब्रू पणाला लागली, असं मला वाटत होतं. खरं तर पणाला आईचा नेम लागला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुसून, तेल लावून देवापुढे मांडायची पद्धत. अडकित्ता, कातरी, विळी, बाबांचा दाढीचा वस्तरा, बायकोचं माहेरून आलेलं शिवणाचं मशीन. मी शेजाऱ्यांना हाताशी धरून म्हैस ठोकळ्यांवरून उतरवली आणि अंगणात ढकलत आणली. ढकलताना पुढच्या चाकांतून कर्रर्र असा आवाज आला. असा आवाज आमच्या घरात झोपाळ्याच्या कड्या करतात, आणि मग बाबा कड्यांना तेल घालतात. माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो या दिशेने पडला.

पुढची चाकं काढली. हातोडीने ठोकून वरची लोखंडी टोपली सुटी केली. आत ब्रेकची लायनरं दिसली. जुन्या चपलेच्या तळासारखी कोरडी, खरखरीत. मला त्यांची दया आली. तिकडे ओसरीवर अडकित्ता तेल पिऊन चमकतोय आणि या बिचाऱ्यांना थेंब नाही! मी आत जाऊन मशीनवरची बुधली आणली.

आता मला ठाऊक आहे की महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकवर गंजाची पापडी चढते, चार वेळा हळूहळू ब्रेक दाबले की ती आपोआप झडते आणि आवाज जातो. हेही ठाऊक आहे की ब्रेकचं सगळं काम त्या खरखरीतपणावरच चालतं, आणि तिथे तेल घालणं म्हणजे पहिलवानाला आखाड्यात साबण लावून उतरवणं. तेव्हा एवढंच दिसलं की चाक परत बसवून हाताने फिरवलं तर ते लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरतंय. आवाज नाही, अडखळणं नाही. मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"थांबतच नाही हो!" ती कौतुकाने म्हणाली.

"मग!" मी म्हणालो.

मामांचं शेवटचं वाक्य त्या संध्याकाळी मला आठवलं, हे मी शपथेवर सांगतो. एक फेरी मारून ब्रेक दाबून बघावेत म्हणून हँडल हातात घेतलंही. तेवढ्यात आई लंगडत ओसरीवर आली.

"अरे अरे, काय करतोस? हत्यारं मांडली आहेत. उद्या पूजा झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही."

"आई, नुसती कोपऱ्यापर्यंत..."

"विळी हलवली नाही मी सकाळपासून. हाताने मोडून भाजी केली. आणि तुला गाडी हलवायची आहे?"

मी हँडल खाली ठेवलं. मनातून बरंच वाटलं, कारण कपडे बदलायचे होते.

दसऱ्याला म्हैस नवरीसारखी सजली. झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, पुढच्या चाकाखाली लिंबू. बाबांनी नारळ फोडला. आळीतली माणसं फाटकापाशी जमली होती. पुढे माझ्याशेजारी बाबा, मागे आई आणि बायको. आईच्या मांडीवर आपट्याच्या पानांची पुरचुंडी, मावशीसाठी. मी गॉगल घातला. म्हैस हंबरली, कुत्री भुंकली, लिंबू फचकन फुटलं आणि आम्ही निघालो.

मोटारीत बसल्यावर आई डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि उतरेपर्यंत उघडायची नाही. रस्त्यात सणाची शांतता होती. एक कोपरा मी हॉर्न वाजवून काढला, दुसरा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून. त्या काळी माझा ब्रेकपेक्षा हॉर्नवर विश्वास होता. गाडी काय पळत होती! पावसाळ्याआधी एवढी सुरेख कधी चालली नव्हती. मी बाबांना म्हणालोसुद्धा, "बघा, जरा हात फिरवला की कसा फरक पडतो."

खोपटला आलो. पुढे गवताने शिगोशीग भरलेली बैलगाडी रमतगमत चालली होती आणि एस.टी.च्या डेपोतून एक बस तोंड बाहेर काढत होती. बस बघून बैलगाडी थांबली. मी ब्रेक दाबला.

काही झालं नाही. म्हणजे पाय खाली गेला, पण गाडीपर्यंत बातमी पोचली नाही. मी पुन्हा दाबला. मग दोन्ही पायांनी दाबला. मग हॉर्न वाजवला.

"तो दांडा ओढ!" बाबा ओरडले, आणि मी ओढायच्या आत त्यांनीच हातब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी उपटल्यासारखा ओढला. पायाच्या ब्रेकचा सगळा जोर पुढच्या चाकांवर असे, हातब्रेक मागच्या चाकांना होता. त्या चाकांना माझं तेल पोचलं नव्हतं. म्हैस किंचाळली, तिचा वेग मोडला, आणि ती अगदी हळुवारपणे, डोकं उशीवर टेकावं तशी, गवतात शिरली. काचेपुढे हिरवा अंधार झाला. इंजिन बंद पडलं.

त्या शांततेत मागून आईचा आवाज आला. "आलं का रे कल्याण?"

गाडीवान उतरून आला. बाळकुमकडचा आगरी होता, डोक्याला मुंडासं. त्याने आधी बैल पाहिले, मग चाक, मग गवत, आणि सगळं शाबूत आहे अशी खात्री झाल्यावर माझ्याकडे वळला.

"कं रं शेट, दिसत नाय? का डोल्यावर काला चष्मा लावलास म्हनून रात झाली तुला?"

मी गॉगल काढला.

सुदैवाने कुणाला खरचटलंही नव्हतं. बाबांनी मला रस्त्याच्या कडेला चाक काढायला लावलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वरची टोपली निघाली तशी आतून तेल ओघळून खोपटच्या रस्त्यावर पडलं. बायको खाली वाकली. तिने बोट लावलं, नाकाशी नेलं.

"अहो," ती म्हणाली, "हे तर माझ्या मशीनचं तेल."

बाबा शांतपणे म्हणाले, "गाढवा, उद्या कंदिलात पाणी घाल."

मी म्हणालो की फडक्याने पुसून घेतो, पेट्रोलने धुतो, जपून चालवतो, कल्याण काही लांब नाही. पण ते बोलताना मलाच आईकडे बघवेना. ती डोळे उघडून मागच्या सीटवर बसली होती. पुरचुंडी दोन्ही हातांत धरलेली. ऊन वर चढलं होतं.

"नको रे," ती म्हणाली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. "ताई वाट बघत असेल. पण नको."

गाडीवानाला अर्धं गवत पुढच्या एका गोठ्यात आणि अर्धं आमच्याच बाजूला, गोखले रोडच्या गोठ्यात टाकायचं होतं; आमची दशा बघून त्याने आधी आमच्या बाजूला गाडी वळवली. मी चाक परत बसवलं, त्याने दोर काढला आणि म्हैस आपल्या गाडीच्या मागे बांधली. मी आत स्टिअरिंगवर, बाबा शेजारी हातब्रेक धरून. आईला मी म्हटलं, तू आपली सीटवरच बस, आरामात.

"मी बैलगाडीत बसते," आई म्हणाली. "बैलांना थांबता तरी येतं."

गाडीवानाने आणि बायकोने तिला उचलून गवतावर बसवलं. निघण्यापूर्वी बैलांना पाणी पाजायला म्हणून त्याने ते सोडून मागे आणले होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यातल्या एकाने म्हशीच्या गळ्यातला झेंडूचा हार सावकाश, एकेक फूल चावत खाल्ला. कोणी त्याला हटकलं नाही.

अशी आमची मिरवणूक परतली. पुढे उंच गवतावर आई, शेजारी बायको. मागे दोराला बांधलेली म्हैस आणि तिच्यात मान खाली घातलेला मी. आई सुरुवातीला हातातल्या पुरचुंडीकडेच बघत होती. मग हळूहळू वरून तिला आजूबाजूच्या कंपाउंडांतलं सगळं दिसायला लागलं, कोणाकडे श्रीखंड गाळताहेत, कोणाच्या दारात रांगोळी नाही, आणि तिचा सूर पालटला. ओळखीची माणसं दिसली की ती वरूनच हात हलवी. "काय हो, कल्याणला जाणार होतात ना?" कोणी विचारलं की मागे माझ्याकडे बोट दाखवी. जास्त बोलावं लागत नसे.

आमच्या फाटकाशी वळलो आणि आई एकदम गवतातच उभी राहायला निघाली.

ओसरीवरच्या झोपाळ्यावर मावशी बसली होती. नऊवारी नीट सावरून, वहाणा पायरीशी काढून, पदराच्या टोकाला आपट्याची पानं बांधून. शेजारणीने दिलेलं ताक अर्धं झालं होतं. आईहून थोरली, पण वेताच्या छडीसारखी. लोकलने आली होती आणि स्टेशनवरून चालत.

"ताई! तू?"

"आधी उतर तिथून," मावशी म्हणाली. "या वयाला शोभतं का गवतावर बसणं?"

आई उतरली. म्हणजे उतरवली. दोघी अंगणात समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींच्या हातात पानं ठेवली, आणि मग आई वाकायला लागली तशी मावशीने तिला धरलं आणि दोघी खोखो हसत सुटल्या. आईच्या केसांत गवत होतं. मावशी ते वेचून काढत होती आणि हसत होती. गाडीवानालाही सोनं मिळालं. तो ते मुंडाशात खोचून गेला.

मला मात्र एक गोष्ट कळेना. जेवायला बसलो तेव्हा न राहवून विचारलं.

"मावशी, निरोप तर होता की आई येते आहे. तू इकडे निघालीस कशी?"

"निरोपात पुढे होतं ना, तू मोटारीतून आणतो आहेस म्हणून," मावशी म्हणाली. "ते ऐकलं आणि म्हटलं, आपल्यालाच जायला हवं."

"पण समज, आम्ही पोचलो असतो! तुझ्या दाराला कुलूप. मग?"

मावशीने माझ्या पानात आणखी एक पुरी वाढली आणि म्हणाली, "तू चालवणार होतास. मग पोचायचा प्रश्न कुठे येतो?"