दीड इंचानं खाली

माझी गाडी लाल, दोन दारांची आणि दुसऱ्याने वापरून विकलेली आहे. खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि पहिली स्पोर्ट्‌स कारही माझीच. दोन्ही गोष्टी मी कुठे लपवत नाही.

त्या गाडीत मला एकच खोट दिसायची. टायर आणि मडगार्डच्या मधे माझी अख्खी मूठ जायची. मोबाईलवर बघतो त्या गाड्यांना तिथे दोन बोटंसुद्धा जात नाहीत. म्हणून मी मूळच्यापेक्षा आखूड आणि कडक अशा चार स्प्रिंगा कुरिअरने मागवल्या. त्या बसवल्या की गाडी दीड इंचाने खाली येते. ते खोकं दोन दिवस माझ्या उशाशी होतं.

जळगावात तीन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. शेवटी धुळ्याला हायवेलगत एक नाना भेटले. केळीच्या ट्रकांना स्प्रिंगचे जादा पाटे टाकून ते उंच करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी माझी एक स्प्रिंग हातात तोलली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बठ्ठा लोके गाडी वर कराले येतस. खाले कराले उना असा तू पहिलाच."

"नाना, खाली असली की भारी दिसते."

"म्हैस बी बठनी का भारीच दिसस," नाना म्हणाले आणि कामाला लागले.

जुनी स्प्रिंग शिकंज्यात दाबून त्यांनी सापाला धरावं तशी बाहेर काढली. मोठे नट मात्र शेवटपर्यंत ढिलेच ठेवले. गाडी जमिनीवर उतरवली, मला आत बसवलं, आणि मग खाली झोपून एकेक नट कसला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "माणूस उभा राहस तव्हयच पट्टा आवळतस ना? तसं." चार वर्षं मेकॅनिकल शिकलो, पण गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच नट कसायचे, ही गोष्ट इतक्या सोप्या भाषेत मला कुणी सांगितली नव्हती. निघताना त्यांनी बजावलं, "डिक्कीमा वजन टाकू नको रे भाऊ."

मी मान हलवली. लक्ष होतंच कुठे? आधी वळणावर एका बाजूला कलणारी गाडी आता रस्त्याला घोरपडीसारखी चिकटली होती. पारोळा येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. एरंडोलला चहा घ्यायला थांबलो आणि चहा हातात धरून गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मूठ जात नव्हती. दोन बोटं, तीही कशीबशी.

हे सगळं नेमकं त्याच आठवड्यात करण्याचं कारण होतं. शनिवारी जळगावला धाकट्या बहिणीचा पदवीदान समारंभ होता. माझ्या वेळी आमचे वडील, आबा, येऊ शकले नव्हते. केळी कापून झाली होती, व्यापाऱ्याचा ट्रक दारात होता, आणि माझा सोहळा त्यांनी फोटोत बघितला. पण बहिणीला मी शब्द दिला होता: आबांना या गाडीत बसवून वेळेवर आणीन.

शुक्रवारी सावद्याजवळच्या आमच्या गावी गेलो. घरासमोर गतिरोधक आहे, तो आबांनी स्वतः बांधलाय. बहीण दुसरीत असताना एका ट्रॉलीखाली येता येता वाचली होती. आबांनी दुसऱ्याच दिवशी विहिरीच्या कामातलं उरलेलं सिमेंट ओतलं, आणि रागात ओतलेलं सिमेंट जेवढं उंच होतं तेवढा तो उंच झाला. रिकामी गाडी त्याच्यावरून कशीबशी निघाली. मी छाती फुगवून उतरलो.

आबा गाडीकडे बघत राहिले. "कारे, हिचे पाय कुठी गेले?"

"आबा, मुद्दाम केलंय."

"मुद्दाम," त्यांनी मायला सांगितलं. "तो म्हणतो मुद्दाम."

शनिवारी सकाळी आठला आम्ही निघालो. मायने चारही चाकांखाली लिंबू ठेवले होते. मी ते चिरडले आणि पाच पावलांवर गाडी गतिरोधकाच्या मधोमध बसली. खर्रर्र असा आवाज आला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी उतरून डिक्की उघडली. दोन केळीचे घड, भरताची वांगी, भाकरीसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचा डबा.

"माय, हे कधी भरलं?"

"तू आंघोळीले गेला तव्हा. पोरीच्या मैत्रिणींसाठी काय हात हलवत जायचं?"

चूक मायची नव्हती. आमच्याकडे रिकामी डिक्की घेऊन कुणी उंबऱ्याबाहेर पडत नाही. हे नानांच्या आधी मला सुचायला पाहिजे होतं. साडेदहाला सभागृहाची दारं बंद होणार होती. मी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होतो.

आबा मात्र शांत होते. त्यांनी मायला उतरवलं, घड काढून घेतले, मला गाडी मागे ढकलायला लावली. मग नव्या पांढऱ्या शर्टावर एक घड घेऊन ते गाडीसमोर उलटे चालू लागले, शेताच्या बांधावरून बैलगाडी काढताना चालायचे तसे.

"तिरपी घे. एकेक चाक. घाई करू नको, बैल नहीत तिले."

एक चाक चढलं, उतरलं. दुसरं. गाडी डुलत डुलत पार झाली, खालून काही लागलं नाही.

हायवेपर्यंत आणखी पाच गतिरोधक. प्रत्येकाआधी आबा आणि माय उतरायचे, एकेक घड खांद्यावर घ्यायचे, चालत पलीकडे जायचे, मी तिरपा यायचो, परत सगळे आत. तिसऱ्याच्या वेळी मायला हसू आवरेना. घड घेऊन ती रस्त्यातच बसली. टपरीवरच्या एकाने विचारलं, "आबा, गाडी बंद पडली का?"

"नही भो. लाजरी हाये. मोठ्या माणसाले बसवून बांध ओलांडत नही."

सव्वादहाला पोचलो. बहिणीचं नाव पुकारलं तेव्हा आबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. शर्टाच्या खांद्यावर केळीच्या चिकाचा हा एवढा डाग. तो डाग निघत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी तो झाकलाही नाही.

संध्याकाळी परतलो तेव्हा डिक्की रिकामी होती. बहीण मायशेजारी मागे पाय दुमडून बसली होती, पदवी मांडीवर. घरासमोरचा गतिरोधक आला. मी म्हणालो, "आबा, बसा. आता लागणार नाही."

"बस काय बस," म्हणत त्यांनी दार उघडलं, उतरले आणि गाडीसमोर उलटे चालू लागले. दोन्ही हात वर करून, गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असे.

"तिरपी घे रे. दोन ग्रॅज्युएट हायेत आत."

मी तिरपी घेतली.