ठकुबाईचा तुकडा

बंगळूरजवळ, देवनहळ्ळीच्या पलीकडे वाइनच्या द्राक्षांचा मळा आहे. त्यातल्या एका तुकड्यातल्या शार्डोनेच्या वेली ठकुबाईने लावलेल्या. म्हणून तिथला पहिला घड दरवर्षी तिने तोडायचा, मगच बाकीच्या बायकांनी कात्र्या उचलायच्या. हा रिवाज तिच्या नवऱ्याने, मुकादम देवाप्पाने, पाडला होता.

दोघं विजापुराकडची. तिकडे द्राक्ष बेदाण्यासाठी. गोड होईस्तोवर वेलीवर राहू द्यायचं. इथे उलटं शिकावं लागलं. दिवसा ऊन असतं, पण रात्रीच्या गारव्याने दाण्यात आंबटपणा टिकतो. तो आहे तोवर, पहाटेच, घड उतरवायचे. रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून सावकाश आंबवायचा, लाकडी पिंपात घालायचा नाही. मग वाइन हलकी होते, हिरव्या सफरचंदाच्या चवीची. ठकुबाई वाइनला शिवली नाही. पण घडांवर सावलीला पानं कमी राहिली, तर बायकांची खैर नसे.

यंदा काढणीच्या तोंडावर ती बंगळुरात, चामराजपेटेत बहिणीकडे होती. पोटातला रोग हाताबाहेर गेलेला. देवाप्पाला ठाऊक होतं, तिलाही.

"अण्णा, उद्या तोडायचं ना?" वाइन करणाऱ्या प्रणिताने विचारलं.

"तिचा तुकडा राहू दे. स्वल्प कच्चा आहे."

कच्चा नव्हता. प्रणिताने दाण्यातली साखर मोजून पाहिली होती. पण त्याचं तोंड बघून तिने बायकांना दुसऱ्या तुकड्यांत पाठवलं. बाकीचा मळा उतरला. मग उन्हाचा तडाखा सुरू झाला, रात्रीही गार होईनात. तुकड्यातले दाणे पिवळेधमक झाले, नुसते गोड.

अखेर बहीण सत्यवती तिला टॅक्सीने घेऊन आली. देवाप्पाने तिला धरून वेलींपर्यंत नेलं, हातात कात्री दिली. तिने आधी एक दाणा चावला. थुंकला.

"अवं, हे कशाला ठेवलंय? बेदाण्याला?"

"तुझ्यासाठी. तू आल्याबिगर कसं तोडायचं?"

"आणि मी आलेच नसते तर? वाळू दिलं असतं? सालभर एकेक पान राखलं मी, ते ह्यासाठी?"

"ठकू, एक घड तोड. रिवाज आहे."

"तोड की गं अक्का," सत्यवती म्हणाली. "एवढ्या लांबून आलीस."

"नासवलेल्या कामाला मी हात लावत नाही."

तिने कात्री त्याच्या हातात परत दिली आणि बहिणीच्या खांद्याला धरून टॅक्सीकडे चालू लागली. देवाप्पा टॅक्सीच्या दारापाशी वाकून उभा राहिला. तिने समोरच बघितलं.

तुकडा त्याने एकट्याने उतरवला. वाइन जड झाली, चव बसकी. प्रणिताने ती बाटलीत भरलीच नाही.

त्याआधीच, रस टाकीत असताना, ठकुबाई गेली. मातीला आलेले लोक म्हणाले, "मळ्यात भेट झाली, तेवढं तरी बरं झालं."

देवाप्पाला ठाऊक होतं: ती रागावून गेली होती, आणि तिचं बरोबर होतं.