सूर्यास्त आणि माझं चालणं

बेळगावला कॅम्पात एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. आमच्या शाळेतल्या दोघीतिघी त्यांच्याकडे जातात म्हणून मीही गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "शुगर बॉर्डरवर आहे." आम्हा निपाणीकरांना बॉर्डर या शब्दाचं काही वाटत नाही, तसं मला त्या दिवशीही विशेष वाटलं नाही. गोळी आत्ताच नको, पण रोज चाळीस मिनिटं चाला, असं त्यांनी सांगितलं. मी बरं म्हटलं. परतीच्या बसमध्ये मात्र चाळीस मिनिटं कुठली, याचा विचार सुरू झाला, आणि निपाणी आली तरी ती सापडली नव्हती.

मी चिकोडीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. घर निपाणीत. घरात आम्ही चौघं. नवऱ्याचं शेतीच्या पाईप-मोटारींचं दुकान आहे, मुलगी तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींचं वय सत्तरीच्या पुढं. आम्ही जैन, पण आम्ही बाकीचे जसं जमेल तसं पाळतो, आत्ती पूर्ण पाळतात. सूर्य मावळल्यावर त्या जेवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून माझी संध्याकाळ त्या सूर्यावर चालत आली आहे. शाळा सुटली की धावत बस, घरी आले की पर्स ठेवून थेट तवा. उन्हाळ्यात जरा श्वास घ्यायला वेळ मिळतो. मार्गशीर्ष-पौषात मी घरात शिरते तेव्हा ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर पोचलेलं असतं. वीस मिनिटांत आमटी गरम करून दोन भाकऱ्या थापायच्या. आत्ती तोवर पाट मांडून बसलेल्या असतात. घाई कर असं त्या कधीच म्हणत नाहीत. नुसत्या खिडकीकडं बघतात.

मी आधी सकाळी चालून पाहिलं. साडेचारचा गजर लावला. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी नळाला पाणी आलं, सातव्या दिवशी मुलीचा टेस्टसाठी लवकर डबा, आठव्या दिवशी मी गजर बंद करून झोपले. मग मोबाईलवर बघून घरातच सूर्यनमस्कार. तिसऱ्या नमस्काराला आत्ती दारात उभ्या राहून विचारायच्या, "दूधवाला आलता काय गं?" मी जमिनीला कपाळ टेकलेल्या अवस्थेत उत्तर द्यायचे. तेही सुटलं. शाळेत मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारायला लागले, तर नववीच्या मुली मागोमाग यायच्या आणि प्रकाशाच्या परावर्तनाच्या शंका विचारायच्या. त्यांना परत कसं पाठवायचं?

शेवटी मी बसमधून लवकर उतरायला लागले. आमची बस गावात शिरायच्या आधी हायवेजवळ थांबते. तिथून घर चालत पंचवीस-तीस मिनिटं. सप्टेंबर महिना होता, दिवस बऱ्यापैकी मोठे होते. तिथं उतरायचं, पर्स गळ्यात तिरकी अडकवायची आणि तंबाखूच्या वखारींच्या बाजूनं घर गाठायचं. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखल्या, नंतर दुखायच्या थांबल्या. शाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुणी मला हाक मारत नाही असा अर्धा तास मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळाला. त्यात मी काही विचार करत होते असंही नाही.

दिवस लहान होत गेले. मी हिशेब करत होते, सूर्य आज पाच मिनिटं आधी, आज सात. नोव्हेंबरात एका दिवशी बसच उशिरा सुटली. शहाण्या माणसानं त्या दिवशी थेट घराजवळच्या स्टँडवर उतरायचं. मी सवयीनं हायवेजवळ उतरले. भराभर चालले, शेवटी पळाले. घरात शिरले तेव्हा आत्तींनी पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला होता.

"आत्ती, पाच मिनिटांत करते," मी म्हटलं.

"आता ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मावळला."

आवाजात राग नव्हता. त्या जपमाळ घेऊन आत गेल्या. सकाळी अकराला जेवलेलं माणूस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहिलं, रात्रभर पाण्याशिवाय. मी रात्री जेवले नाही. तेवढ्यानं काही फरक पडत नव्हता, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आजपास्नं मी एकदाच जेवणार हाय. सकाळचंच. तू संध्याकाळचं फिरून ये जा, माझं काय बघू नको."

"कालच्यासाठी एवढं कशाला? आजपासून मी स्टँडवरच उतरते."

"तुझ्यासाठी न्हाय गं. एकभुक्त करायचं माझ्या मनात लई दिवसांपास्नं व्हतं."

माझा विश्वास बसला नाही. मला राग आला. माझ्या चालण्याची शिक्षा त्या स्वतःला करून घेतायत आणि तिला धर्माचं नाव देतायत असं मला वाटलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तिच्या मनात आलं असंल. करू दे." मग मीही हट्टाला पेटले. करताय तर करा, म्हणून रोज हायवेजवळ उतरले आणि चालत आले. घरी आले की आत्ती पुढच्या सोप्यात बसलेल्या असायच्या. "आलीस?" म्हणायच्या. मी "हो" म्हणायचे. त्या दिवसांत मी सगळ्यात जास्त चालले. पाय भरभर पडत होते, पण तो अर्धा तास आधीसारखा राहिला नव्हता.

असे दहाअकरा दिवस गेले. मग एका सकाळी पहिला तास संपताना शेजारणीचा फोन आला. आत्ती बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शनाला गेल्या होत्या आणि पायरीवर चक्कर येऊन बसल्या होत्या. पडल्या नव्हत्या. दोन बायकांनी धरून घरी आणलं होतं. मी सुट्टी टाकून निघाले. घरी पोचेपर्यंत नवऱ्यानं डॉक्टर आणला होता. रक्तदाब उतरला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढा वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही, दोन वेळा खायलाच पाहिजे.

डॉक्टर गेल्यावर नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "थोडे दिवस तुझं फिरणं बंद ठेव."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी हो म्हणणारच होते. पण तोंडातून दुसरंच आलं. "तुमचं दुकान घरापासून पाच मिनिटांवर आहे. पाच वाजता येऊन तुम्ही त्यांना वाढू शकत नाही?"

तो म्हणाला, "मला भाकरी कुठं येतीया?"

"भाकरी मी सकाळी करून ठेवते. आमटी गरम करायची. कुकरला भात लावायचा."

आत्ती पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्यात असं आम्हाला वाटत होतं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "त्याच्या हातचं मी जेवत न्हाय. मीठ कळत न्हाय त्याला."

मुलगी पुस्तक हातात घेऊन दारात उभी होती. ती हसली. मला हसू आलं नाही. मी थकले होते. पण नवऱ्याला ते बोलणं लागलं असावं. दुसऱ्या दिवशी शाळेतून निघताना मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तू ये आरामात. मी घरात हाय."

सकाळची भाकरी संध्याकाळी चालते. रात्र उलटलेली चालत नाही, एवढंच. म्हणजे इतकी वर्षं मी धावत येऊन थापत होते ती गरम भाकरी धर्मात कुठं सांगितलेली नव्हती. ती आमच्या घराची पद्धत होती. ती कुणी घातली हे मी आत्तींना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूला गरम लागायची. मला काय, दात न्हाईत. आमटीत कुस्करूनच खातोय."

"मग कधी बोलला का नाही?"

"तू थापत व्हतीस, मी खात व्हतो. इचारलंस कुठं?"

नवऱ्यानं पहिल्या दिवशी आमटी करपवली. दुसऱ्या दिवशी भातात पाणी जास्त झालं. आत्ती जेवताना प्रत्येक घासाला काहीतरी बोलायच्या आणि सगळं संपवायच्या. त्याच वेळी गिऱ्हाईक आलं की दुकानातला माणूस फोन करायचा, आणि हा एका हातात पळी धरून दोन इंची पाईप कुठल्या रॅकवर आहे ते सांगायचा. हे मी पाहिलेलं नाही. मुलीनं सांगितलं. मी तेव्हा वखारींच्या बाजूनं चालत होते.

नेहमीच तसं जमलं असं नाही. पाण्याची टंचाई सुरू झाली की मोटारींची मागणी वाढते, तेव्हा तो दुकान सोडू शकत नाही. त्या दिवशी मी सरळ स्टँडवर उतरते. परीक्षेच्या काळात माझाच पाय शाळेतून वेळेवर निघत नाही. सरासरी आठवड्यातले चार दिवस मी चालते. पूर्ण चाळीस मिनिटं कधीच होत नाहीत.

पुढच्या चातुर्मासात आत्तींनी पुन्हा एकभुक्त धरलं, पण फक्त अष्टमी-चतुर्दशीला, आणि डॉक्टरांना विचारून. तेव्हा माझ्या चालण्याचा काही प्रश्न नव्हता. संध्याकाळी त्यांचा मुलगा घरात होता, भाकरी झाकून ठेवलेली होती, तरी त्यांनी धरलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बरा, प्रसन्न दिसायचा. तेव्हा मला कळलं की त्या पहिल्यांदाही खरं बोलल्या असतील. निदान अर्धं तरी. मी अकरा दिवस सगळं माझ्यावरच ओढून घेतलं होतं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्या "असू दे गं" म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता.

त्याआधी, चालायला लागल्यापासून सहा महिन्यांनी, मी परत बेळगावला गेले होते. साखर थोडी उतरली होती, फार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, असंच चालू द्या. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "शाळा, घर, सगळं सांभाळून वेळ कसा काढता?"

मी म्हटलं, "मिस्टर दुकानातून लवकर येतात."

त्यांनी मान हलवली, कागदावर चालणं सुरू ठेवावं असं लिहिलं आणि बाहेर बसलेल्या पुढच्या बाईला हाक मारली.