कुसाबाईंना पॉझिटिव्ह केलं

कुसाबाई गांगुर्डे अंबडच्या एका कारखान्यात सतरा वर्षं पॅकिंगला आहेत. गाड्यांचे रबरी पाइप तपासायचे, पुसायचे, खोक्यात भरायचे. त्यांच्या हातचं खोकं गिऱ्हाइकाकडून कधी परत आलं नाही. चांदवडकडच्या खेड्यातून नाशकात आलेल्या या बाईंचा आवाज मशिनच्या खडखडाटात एवढा वाढला, की त्यांचं साधं बोलणंही साहेबांना तक्रारीसारखं ऐकू येई.

दोन वर्षांपूर्वी एच.आर.चे प्रमुख म्हणून ललित सर आले आणि त्यांनी कंपनीची संस्कृती सुधारायला घेतली. भिंतीवर ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे फलक लागले. शिफ्टच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी टाळ्या वाजवणं सक्तीचं झालं. जो हसणार नाही त्याच्याजवळ जाऊन सुपरवायझर “स्माइल, स्माइल” म्हणे. म्हणताना त्याचा स्वतःचा चेहरा मात्र दाढ दुखत असल्यासारखा असे.

मग एका शनिवारी कॅन्टीनमध्ये ‘मनमोकळा संवाद’ झाला. ललित सर माइकवर म्हणाले, “मनात असेल ते बिनधास्त बोला. इथं कुणी साहेब नाही.”

कुसाबाई उठल्या.

“सर, लेडीज बाथरूमच्या दाराला आठ महिने झाले, आतून कडी नाय. एकीनं आत जायचं, दुसरीनं भाईर दार धरायचं. अन् त्या दुसरीच्या नावावर सुपरवायझर ‘कामाच्या वेळेत गप्पा’ लिहितो.”

बायका हसल्या. ललित सरही हसले, पण तेवढ्यापुरतं. “छान! पण आपण प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन येऊ या.”

“कडीच हाय ना सर सोल्यूशन.”

सोमवारी कुसाबाईंच्या हातात पत्र पडलं. दृष्टिकोन नकारात्मक आढळला, तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. सतरा वर्षांत फाइलवर पडलेला हा पहिला शेरा. बाथरूममध्ये जाऊन त्या थोडं रडल्या. तेव्हाही दार शेजारी पॅकिंग करणाऱ्या राखीनंच धरलं होतं.

प्रशिक्षणात एका बाईंनी डोळे मिटून आपण झाड आहोत अशी कल्पना करायला लावली. कुसाबाईंनी डोळे मिटले आणि तिन्ही दिवस मस्त झोप काढली. प्रमाणपत्रावर शेरा आला, ‘ध्यानात विशेष प्रगती’.

“मावशी, झाल्या का पॉझिटिव्ह?” राखीनं विचारलं.

“झाले बाई. दार धर.”

पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक कंपनीच्या मॅडम पुण्याहून ऑडिटला आल्या. रांगोळी झाली, गुच्छ झाले, ‘आमची संस्कृती’ या विषयावर ललित सरांनी चाळीस स्लाइड दाखवल्या. नेमकं त्या दिवशी ऑफिसच्या मजल्यावर पाणी नव्हतं, म्हणून मॅडम खाली कामगारांच्या बाथरूमकडे आल्या. राखी नुकतीच आतून बाहेर पडत होती.

“जा मॅडम, मी दार धरते,” कुसाबाई म्हणाल्या.

“का? कडी नाही?”

कुसाबाईंनी सांगितलं. नेहमीच्याच आवाजात. पाच पावलांवर उभे असलेले ललित सर मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागले. जाताना मॅडमनी कुसाबाईंच्या हातात आपलं कार्ड ठेवलं.

अर्ध्या तासात कडी बसली. ललित सरांनी दारासोबत फोटो काढून घेतला, नवी स्लाइड केली, ‘कामगारांचा आवाज’. आणि त्या आवाजाला टाळ्यांच्या गजरात ‘सुसंवाद समिती’वर घेतलं.

समितीच्या पहिल्या बैठकीचा विषय होता, वाढदिवसाला केक कोणत्या चवीचा आणायचा.

कुसाबाई म्हणाल्या, “बाया आठ तास उभ्या असत्यात. राखीला सातवा महिना लागलाय. स्टूल पायजे.”

“पुढच्या बैठकीत घेऊ.”

“आत्ताच लिहा सर. त्या पुण्याच्या मॅडमचं कार्ड हाय माझ्याकडं. म्हणल्यात, कळवत जा.”

ललित सरांनी लिहिलं. चौथ्या दिवशी स्टुलं आली. बायका तीस, स्टुलं बारा. पहिलं राखीला मिळालं, बाकीच्या पाळीपाळीनं बसू लागल्या.

दिवाळीनंतर ललित सरांना दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळाली. इथली संस्कृती त्यांनी एकट्यानं बदलली, हे तिथल्या लोकांना फार आवडलं होतं. निरोपसमारंभात स्टेजवरून ते ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं तीनदा म्हणाले. कुसाबाईंनीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, आणि ते खाली उतरताच त्यांची सही घेतली, उरलेल्या अठरा स्टुलांच्या अर्जावर.