शिवदासचा न बदलणारा रकाना

रंगभूमीवर मी राजे झालो, ऋषी झालो, एकदा तर ‘वन्समोर’च्या आग्रहाखातर मेलेला उठून पुन्हा मेलो. पण पेडण्यातल्या आमच्या वाड्यावरच्या उत्सवी नाटकात सगळ्यांत जास्त संवाद म्हटले ते शिवदासने. तो आमचा प्रॉम्प्टर. विंगेत कदेल, म्हणजे आपली खुर्ची, टाकून, संहिता मांडीवर घेऊन, एकेचाळीस वर्षं तो आमची वाक्यं आमच्या एक श्वास आधी बोलत आला.

पोटासाठी तो बसस्थानकावर बसच्या वेळा लिहायचा. ती खोड त्याने नाटकातही आणली. पडद्याच्या भोकातून आधी प्रेक्षक मोजायचा, शेवटी किती टिकले ते मोजायचा. कोणाची गाणी किती, डोक्यावर काय, भाषणं किती मिनिटं, पाऊस आला का, वीज गेली का, तालमीत कोण किती वेळा अडखळला, सगळं वहीतल्या रकान्यांत.

यंदा सर्वेश मंडळाचा अध्यक्ष झाला. मुरगाव बंदरात नोकरी, प्रत्येक गोष्टीत सुधारणा करायची हौस. सभेत म्हणाला, “शिवदासबाब, राग मानू नका. तुमचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. प्रॉम्प्टरची जागा यंदा बंद करू. तुमच्यामुळे नाटकात फरक पडतो हे दाखवा, मी ठराव मागे घेतो.”

मी ताडकन उठलो. “अरे, हा माणूस म्हणजे या रंगमंचाचा...”

शिवदासने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. “गप रे. तो पुरावा मागतोय, भाषण नाही.”

त्याची भाची तनया डिचोलीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रविवारी तिने सगळ्या वह्या लॅपटॉपात भरल्या. आम्ही दोघे चहात उंडे पाव बुडवत समोर बसलो.

“काय शोधायचं ते आधी ठरवू,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत किती प्रेक्षक टिकले, हे आपलं माप. आता एकेक कारण घ्यायचं. आधी धरून चालायचं की त्यानं काही फरक पडत नाही. मग बघायचं, आकडे आपल्याला तसं धरून राहू देतात का.”

“माझ्या गाण्यापासून सुरुवात कर,” मी उदारपणे म्हणालो.

तिने बघितलं आणि कपाळाला आठी घातली. “काका, तुम्ही गायलात तेव्हा दरवेळी भगवा फेटा होता. गायला नाहीत तेव्हा फेटाही नव्हता. लोक गाण्यामुळे बसले की फेट्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. दोन्हींतलं एकच ठेवावं लागेल.”

“फेटा काढ!”

तिने फेटा काढला, गाणं ठेवलं. “परिणाम असेलही, पण योगायोगाहून वेगळा म्हणण्याइतका दिसत नाही.”

शिवदास इतका हसला की त्याचा उंडा चहात बुडाला. पावसाचाही परिणाम दिसला नाही. ठळक दिसलं ते भाषण. बाकी सगळं सारखं धरलं तर पाहुण्यांच्या भाषणाच्या दर दहा मिनिटांना अकरा माणसं घरी जात होती.

“आणि मी?” शिवदासने विचारलं. हसणं थांबलं होतं.

तनयाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “मामा, तुमच्या रकान्यात ‘हजर, हजर, हजर’ एवढंच आहे. ताप होता तेव्हासुद्धा हजर. जे कधी बदललंच नाही, त्याचा परिणाम मोजता येत नाही.”

एकेचाळीस वर्षांच्या निष्ठेने त्याचा घात केला होता. मला रडू आलं. त्याला नाही. “मग मी गैरहजर राहतो,” तो म्हणाला.

तनयाने बारा तालमींसाठी बारा चिठ्ठ्या केल्या. सहा ‘हजर’, सहा ‘गैरहजर’. तालीम सुरू होताना एक उघडायची. ‘गैरहजर’ निघाली की शिवदासने घरी जायचं. कोण किती वेळा अडखळतं ते तिने स्वतः मोजलं.

निकाल ऐकायला सगळे जमले. शिवदास असताना नटमंडळी चौदा वेळा अडखळली, नसताना तेरा वेळा.

“म्हणजे फरक नाही!” सर्वेशने टेबलावर थाप मारली.

“फरक दिसला नाही,” तनया म्हणाली. “नाही, असं सिद्ध झालेलं नाही. आणि गेल्या वर्षी बारा तालमींत तुम्ही एकशे सहा वेळा अडखळला होतात. त्याचं काय?”

गौरेश, आमचा खलनायक, मान खाली घालून बोलला, “चिठ्ठी काय निघतली ते खंय कळता? म्हणून पाठ केलं सगळं.”

“मग ठराव मताला टाकतो,” सर्वेश म्हणाला. “उत्सवाच्या दिवशी प्रॉम्प्टर नको, त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर गेला नाही. सर्वेशचासुद्धा नाही, त्याला प्रधानाचं काम होतं आणि तिसऱ्या अंकात दीड पानाचं स्वगत.

जिंकलेला शिवदास उठून म्हणाला, “उत्सवाच्या दिवशीही चिठ्ठीच काढायची.”

त्याला सगळ्यांनी हात जोडले. तो ऐकेना. नांदीआधी तनयाने चिठ्ठी उघडली. ‘गैरहजर’. शिवदास शांतपणे रंगमंचाच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांत जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

नाटक एकदाही अडखळलं नाही. दिग्दर्शक म्हणून मी विंगेत उभ्या उभ्या घामाने भिजलो. सर्वेशचं स्वगत तर टाळ्या घेऊन गेलं. पडदा पडल्यावर शिवदास धावत आत आला. वाटलं, मिठी मारणार.

“अरे, तू इतकी वर्षं काय बसवत होतास?” तो ओरडला. “राजा, राणी, प्रधान, झाडून सगळे एकाच बाजूला तोंड करून बोलतात! डाव्या अंगाच्या प्रेक्षकांना चाळीस वर्षं नुसती पाठ दिसतेय!”

“ते तोंड करतात त्या बाजूच्या विंगेत तू बसायचास ना,” मी म्हणालो.

तो थबकला. मग त्याने विंगेतलं आपलं कदेल उचललं, खांद्यावर घेतलं.

“फरक पडत होता तर,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षीपासून तालमीला मी समोर बसणार. तिथं काम जास्त आहे.”