चिंचेवरचे भाऊबंद

आमच्या गावात वानराला भाकरी घालणारा माणूस म्हणजे गल्लीचा दुश्मन. एकानं तुकडा टाकायचा आणि टोळीनं दुसऱ्याच्या पत्र्यावर नाचायचं, तिसऱ्याच्या वाळत घातलेल्या कुरडया न्यायच्या, असा तो प्रकार. म्हणून चकलांब्याकडच्या त्या आमच्या बारक्या गावात बायका वानरांना मोठमोठ्यानं शिव्या देतात. मोठ्यानं अशासाठी, की शेजारणीला ऐकू जावं, ह्या घरातून काही मिळत नाही म्हणून. आणि शिव्यांत पहिला नंबर आमच्या आईचा. काळतोंड्या, मुडद्या, वाटोळं हो तुझं! तिचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

घरामागं चिंचेचं मोठं झाड. टोळीचा मुक्काम त्यावरच. मी शाळेत असताना माणूस आणि वानर ह्यांचा पूर्वज एकच होता असा धडा होता. सरांनी बजावून सांगितलं होतं, की हे चिंचेवरचे आपले आजोबा नव्हेत, फार जुन्या काळी दोघांचं घराणं एक होतं आणि पुढं वाटण्या झाल्या. मी घरी येऊन लई तोऱ्यात आईला हे ऐकवलं. ती शेंगा फोडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "म्हंजी भाऊबंदच की! तरीच म्हन्ले, दरसाली वाटा मागाया कावून येत्यात."

त्या दिवसापासून टोळीतल्या मोठ्या नराचं, म्हणजे हुप्प्याचं, नाव भावजी पडलं. टोळीवर दुसरा हुप्प्या आला की भावजीपण त्याच्याकडं जायचं. शेवटचा भावजी शेपटीचं टोक तुटलेला होता. आई एरवी कुणा दिरासमोर तोंड वर करून बोलली नसेल. ती सगळी कसर ह्या दिरावर निघायची.

वडील गेल्यावर आई एकटीच राहिली. दादा पुण्याला कंपनीत, मी बीडमध्ये ब्लाऊज शिवते. दोघंही ये म्हणायचो, ती यायची नाही. फोनवर माझ्याशी बोलता बोलता मधेच तिचं दुसरीकडं सुरू व्हायचं. उतर खाली, ऐकू येत न्हाई का, मेल्या. मग कापसाचं काय झालं, गुडघा कसा दुखतो, हेही ती त्यालाच सांगायची. खरं सांगते, मला त्या वानराचा राग यायचा. फोन मी केला होता ना!

ह्या उन्हाळ्यात ती मागच्या अंगणात पडली. खुबा मोडला. दवाखान्यातून घरी आणली, पण अंथरुणातून पुन्हा उठलीच नाही. ती वानर हाकलायला धावली आणि पडली, असं सगळे म्हणाले. तिनंही कधी दुसरं काही सांगितलं नाही. दादानं ते मनात धरलं. आईला अग्नी देऊन आल्या आल्या तो चिंचेखाली उभा राहिला आणि म्हणाला, हे झाड आता राहत नाही. लाकूडवाल्याला त्यानं सांगूनही ठेवलं. दहावा झाला की दुसऱ्या दिवशी चिंच पाडायची. मला ते पटत नव्हतं, पण नको का म्हणायचं हेही सांगता येईना. जिनं जन्मभर त्यांना शिव्या दिल्या, तिच्यासाठीच तो हे करत होता. पण ते झाड गेलं की घरामागं आईचं काय उरणार?

दहाव्याला आम्ही ओढ्याकाठी, महादेवाच्या देवळापाशी जमलो. पिंड मांडला, सगळे मागं सरकून बसले. कावळे समोरच्या बाभळीवर येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्यात मानतात. मग जवळची माणसं एकेक शब्द देत जातात. मी म्हणाले, घराला कुलूप लावून विसरणार नाही, सणाला येऊन दिवा लावीन. कावळे बसून. मामानं तिची म्हैस सांभाळायची हमी घेतली. तरी बसूनच. ऊन चढलं, सगळे दादाकडं बघायला लागले.

दादा पिंडापुढं गेला आणि हात जोडून म्हणाला, "आई, उद्या चिंच पाडतो. तुझा जन्माचा तरास काढतो. आता तरी घे."

उलट बाभळीवरचा एक कावळा उडूनच गेला. गुरुजींनी सुस्कारा टाकला आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा येत नाही तेव्हा तोच टेकवून काम भागवतात.

तेवढ्यात आमची काकू उठली. काकू म्हणजे शेजारची चुलती, आई पडली तेव्हा पहिली धावलेली. ती पदर तोंडावर धरून बराच वेळ रडत होती, ते मला साधं रडणं वाटलं होतं. ती दादाजवळ गेली.

"लेकरा, तिच्या हातात काठी न्हवती. भाकरी व्हती."

 मग काकूनं सगळं सांगितलं. आई रोज सकाळी एक भाकरी जास्त थापायची. गल्लीला कळू नये म्हणून आधी शिव्यांचा दणका उडवून द्यायची आणि मग मागच्या भिंतीवर हळूच तुकडे ठेवायची. पडली तेव्हा तीच भाकरी घेऊन निघाली होती. कुणाला सांगू नको, पोरं हसतील आणि गल्ली भांडायला येईल, अशी तिनं काकूला गळ्याची शपथ घातली होती. मला रडावं का हसावं कळेना. इतकी वर्षं आम्ही तिच्या शिव्या ऐकत होतो, आणि त्या आमच्यासाठी होत्या, वानरांसाठी नव्हत्याच!

दादा तिथंच मातीत बसला. मामा हळूच म्हणाला, तरी पडली ती त्यांच्यापायीच ना? दादानं मान हलवली. हो म्हणाला का नाही, ते कळलं नाही. मग पिंडाकडं बघत तो एवढंच म्हणाला, "न्हाई पाडत."

आम्ही सगळ्यांनी बाभळीकडं बघितलं. कावळे ढिम्म. आणि देवळाच्या भिंतीवरून भावजी उतरला. तुटक्या शेपटीचा तोच. कुणी हाकलायच्या आत त्यानं पिंड दोन्ही हातांत उचलला आणि आमच्याकडं तोंड करून सावकाश खाल्ला. बोटांना लागलेला भातही चाटला. शास्त्रात हे बसतं का, म्हणून मामानं गुरुजींना विचारलं. गुरुजी दर्भाचा कावळा हातात धरून बघत राहिले. घरचाच माणूस दिसतो, म्हणाले, आणि उरलेल्या शितांना दर्भ टेकवून त्यांनी विधी पुरा केला.

माणूस आणि वानराचं नातं नक्की कुठं लागतं ते सरांना ठाऊक. आईनं मात्र ते बोलून, भांडून आणि खायला घालून लावलं होतं. सख्ख्या नात्यात तरी ह्यापेक्षा काय वेगळं असतं?

लाकूडवाल्याला दादानं नको म्हणून कळवलं. चौदावा उरकून आम्ही निघालो. मी कुलूप लावत होते. दादा मागच्या भिंतीकडं गेला. भावजी तिथं येऊन बसला होता आणि बंद दाराकडं बघत होता. दादानं पिशवीतली प्रवासाची भाकरी काढून भिंतीवर ठेवली. मग दोन पावलं मागं सरकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "काळतोंड्या, मुडद्या, काय बघतोस? गेली ती. आता न्हाई यायची भाईर."

शेवटाला त्याचा आवाज फाटला. भावजीनं भाकरीला हात लावला नाही, दाराकडंच बघत बसला. दादाही तिथून हलेना. त्याला हाक मारायचं माझ्यानंही होईना. आमची एसटी चुकली.